बिनपाण्याने का करू नये?

एखाद्याची कडक शब्दांत कानउघाडणी झाली की 'त्याची चांगली बिनपाण्याने केली' असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार ज्यांनी घडवला त्यांना केराटिन ठाऊक नव्हते, हायड्रोजन बंध ठाऊक नव्हते. पण कोरड्या गालावरून वस्तरा फिरला की काय होते, हे मात्र पक्के ठाऊक होते. गालाची आग होते, लाल चट्टे उठतात, मानेवर बारीक पुरळ येते आणि घामाचा थेंब लागला तरी चुरचुरते. हे का होते आणि कसे टाळता येते, ते आपण या लेखात पाहू.

शिक्षकांसाठीच्या मासिकात दाढीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. आम्हांला तो इथेच शोभतो असे वाटते. नववी-दहावीच्या वर्गावर नजर टाका. ओठांवर लव आलेली, हनुवटीवर चार केस उगवलेली मुले दिसतील. यांतला बहुतेक जण पहिली दाढी घरात कोणी नसताना, वडिलांचे रेझर उचलून, घाईघाईने उरकतो. सायकल चालवायला, पोहायला त्याला कोणीतरी शिकवलेले असते. हे कोणीच शिकवत नाही. दुसऱ्या दिवशी गालावर पुळ्या येतात, वर्गात चिडवाचिडवी होते आणि पुळ्या लपाव्यात म्हणून तो आणखी जोर लावून दाढी करतो. हाता-पायांवरचे केस काढणाऱ्या मुलींनाही हेच भोगावे लागते. शिवाय वडिलांच्या (किंवा वसतिगृहातल्या मित्राच्या) रेझरमध्ये याहून मोठा एक धोका असतो. त्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

आधी केसाकडे पाहू. केस आणि नख ही दोन्ही केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात. या प्रथिनाचे लांब रेणू दोरखंडातल्या पेडांसारखे एकमेकांभोवती वळलेले असतात आणि त्यांना जागोजागी दोन प्रकारच्या बंधांनी जखडलेले असते. एक प्रकार गंधकाच्या अणूंमधल्या भक्कम बंधांचा, ज्यांना डायसल्फाइड बंध म्हणतात. दुसरा हायड्रोजन बंधांचा. हे एकेकटे दुबळे, पण संख्येने प्रचंड. कोरडा केस ताठ आणि चिवट असतो तो या दोन्हींमुळे. दाढीचा केस तर डोक्याच्या केसापेक्षा जाड असतो.

पाणी केसात शिरले की ते गंधकाच्या बंधांना काही करू शकत नाही. हायड्रोजन बंध मात्र ते सोडवते, कारण पाण्याचा रेणू स्वतःच हायड्रोजन बंध जोडण्यात पटाईत असतो. केराटिनचे दोन रेणू एकमेकांचा हात सोडून पाण्याचा हात धरतात. केस फुगतो, मऊ पडतो आणि तो कापायला लागणारा जोर पुष्कळ कमी होतो. अंघोळीनंतर नखे सहज कापली जातात, हा याच गोष्टीचा रोजचा पुरावा. केस ओले असताना घट्ट वेणी घालून ते तसेच वाळू दिले, की वेणी सोडल्यावर लाटा राहतात, त्याचेही कारण हेच. सुटलेले बंध वाळताना नव्या जागी जुळतात. पुन्हा पाणी लागले की लाटा गेल्या.

गंमत म्हणजे केस फुगतो तो सर्व बाजूंनी सारखा नाही. पूर्ण भिजल्यावर त्याची जाडी सुमारे १४ टक्के वाढते, तर लांबी जेमतेम २ टक्के. लांबीतल्या या लहानशा फरकाचा उपयोग स्विस शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी केला आणि माणसाच्या केसापासून हवेतली आर्द्रता मोजणारे उपकरण बनवले. त्याचे वर्णन त्यांनी १७८३ साली प्रसिद्ध केले. पुढे जवळजवळ दोन शतके हवामान केंद्रांवर केसाची आर्द्रतामापके वापरात होती.

हे वर्गात सहज करून पाहता येते. एखाद्या मुलीचा ३० सेंटिमीटर लांबीचा एक केस घ्या, साबणाने धुऊन त्याचे तेल काढा आणि वाळवा. वरचे टोक खिळ्याला बांधा, खालच्या टोकाला एक-दोन नाणी चिकटपट्टीने अडकवा आणि मागे लावलेल्या आलेखाच्या कागदावर नाण्याच्या कडेची खूण करा. आता ओल्या कापसाने केस हळूच पुसत भिजवा. दोन-तीन मिनिटांत नाणे सुमारे अर्धा सेंटिमीटर खाली उतरलेले दिसेल. केस वाळू लागला की ते पुन्हा वर सरकेल. पावसाळ्यात कोकणातल्या शाळेत हा प्रयोग बहुधा फसेल, कारण तिथे केस आधीच दमट असतो. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये करावा.

या प्रयोगातली दोन-तीन मिनिटे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. चेहऱ्यावर पाण्याचा एक हबका मारून लगेच रेझर फिरवणे ही जवळजवळ बिनपाण्याचीच हजामत, कारण पाण्याला केसाच्या आत पोचायला वेळ लागतो. त्यातून चेहऱ्याच्या त्वचेवर तेलाचा पातळ थर असतो आणि तो पाण्याला अडवतो. साबण हा थर काढतो. पाणी कोमट असेल तर ते केसात लवकर शिरते. म्हणून दाढी अंघोळीच्या आधी नव्हे, नंतर करावी. नाहीतर कोमट पाण्याने भिजवलेला पंचा दोन मिनिटे गालांवर धरावा.

मग फेस कशासाठी? फेसामुळे केस मऊ होतात असे पुष्कळांना वाटते. ते काम खरे तर पाण्याचेच. फेस म्हणजे पाणी धरून ठेवणारी गादी. नुसते पाणी गालावरून ओघळून जाते आणि उरलेले वाळते. फेसात ते केसांभोवती टिकून राहते. शिवाय पाते आणि त्वचा यांच्यामध्ये एक घसरता थर तयार होतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे सोडिअम आणि पोटॅशिअम असे दोन्ही क्षार असतात. पोटॅशिअमचा साबण मऊ आणि पाण्यात अधिक विरघळणारा, त्यामुळे फेस दाट आणि ओला राहतो. अंगाच्या साबणाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो, तो भराभर वाळतो. जुन्या पद्धतीच्या सलूनमध्ये कारागीर गप्पा मारत मारत ब्रश कितीतरी वेळ गोल गोल फिरवत असतो. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला तो वेळकाढूपणा वाटतो, पण सगळ्या हजामतीतले ते सर्वांत शास्त्रीय काम आहे! त्या वेळात केस भिजतो, आडवे पडलेले केस उभे राहतात आणि तेलही निघते.

आता पात्याकडे वळू. दाढीच्या पात्याची धार केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी बारीक असते आणि पोलाद केसाच्या सुमारे ५० पट कठीण असते. तरीही थोड्याच दाढ्यांत पाते बोथट होते. इतक्या मऊ वस्तूने इतकी कठीण वस्तू कशी झिजावी, या प्रश्नाचे नीट उत्तर अगदी अलीकडे मिळाले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जानलुका रोशोली या संशोधकाने स्वतःची दाढी करून प्रत्येक वेळी पाते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पुढे त्याने सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापण्याची सोय केली. २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. धार हळूहळू झिजत जाते हा समज त्यात टिकला नाही. केस वाकून तिरका आला आणि पात्याच्या कडेवर जिथे पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नाही नेमक्या अशा जागी त्याचा भार पडला, तर कडेचा बारीकसा टवका उडतो. हजारो केसांमध्ये असे योग जुळून येतात आणि धारेची करवत होऊ लागते.

ही करवत डोळ्यांना दिसत नाही, पण गालाला कळते. बोथट पाते केस कापण्याआधी त्याला ओढते. केस मुळाशी हिसकला जातो आणि मुळाभोवतीचे चेतातंतू तक्रार करतात. आपण नकळत दाब वाढवतो. एक पाते किती दाढ्यांना पुरावे याचा आकडा सांगण्यात अर्थ नाही, कारण दाढी किती राठ, किती भिजलेली यावर ते अवलंबून आहे. पाते ओढू लागले की बदलावे, एवढेच खरे. चार रुपयांचे पाते महिनाभर पुरवणे हा काटकसरीचा प्रकार आम्हांला तरी महागडा वाटतो.

दाब वाढल्यावर काय होते ते समजायला त्वचेची रचना पाहिली पाहिजे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. पंधरा-वीस चपट्या पेशी एकमेकींवर रचलेल्या, मध्ये मेदाचा गिलावा, आणि या सगळ्याची एकूण जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी. या भिंतीमुळे आतला ओलावा आत आणि बाहेरचे जंतू बाहेर राहतात. या पेशीही केराटिननेच भरलेल्या असतात. केस कुठे संपला आणि त्वचा कुठे सुरू झाली, हे पात्याला कळत नाही. प्रत्येक दाढीत केसांबरोबर त्वचेचा काही भाग निघतोच. थोडा निघाला तर चालतो, कारण खालून नव्या पेशी सतत वर येत असतात. पण दाब जास्त असेल, किंवा एकाच जागेवरून पाते चार-पाच वेळा फिरले, तर भिंतीला भगदाडे पडतात. आतला ओलावा निघून जातो, साबण आणि घाम आत झिरपतात, शरीर त्या भागाकडे रक्तपुरवठा वाढवते. लाली, उष्णता, आग ही दाहाची सगळी लक्षणे दिसू लागतात. जखम दिसत नसली तरी ही एक पसरट, उथळ जखमच असते.

गाल म्हणजे काही फरशी नव्हे. तो मऊ आहे, त्याला खळगे आहेत, आणि केसाच्या मुळाशी त्वचा किंचित उंचावलेली असते. हे दाखवायला एक फुगा, थोडा साबणाचा फेस आणि प्लास्टिकची पट्टी पुरे. (खरे पाते वर्गात अजिबात आणू नये.) अर्धवट फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून पट्टीच्या कडेने तो खरवडायला सांगा. पट्टीच्या पुढे रबराची वळी गोळा होते आणि पट्टी अडखळते. फुगा नीट फुगवला, पट्टी उभी न धरता बरीच कलती धरली आणि हात हलका ठेवला तर फेस अलगद निघतो. कुशल कारागीर एका हाताच्या बोटांनी गाल ताणून धरतो आणि वस्तरा त्वचेशी साधारण ३० अंशांवर ठेवतो, तो यासाठीच. सेफ्टी रेझरमध्ये हा कोन बनावटीतच पुष्कळसा बांधून दिलेला असतो. अमेरिकेतल्या किंग जिलेट यांना अशा रेझरचे एकस्व १९०४ साली मिळाले आणि दाढी घरच्या आरशासमोर आली. कोन यंत्राने सांभाळला. पाणी, वेळ आणि हलका हात मात्र पाकिटातून मिळत नव्हते.

आतापर्यंत आपण आगीबद्दल बोललो. ती एक-दोन दिवसांत ओसरते. मानेवर टणक, दुखऱ्या पुळ्या येत राहतात त्यांचे कारण वेगळे असते. कुरळा केस त्वचेच्या पातळीला तिरका कापला गेला की त्याला भाल्यासारखे टोक येते. वाढताना तो वळतो आणि ते टोक पुन्हा त्वचेत घुसते. कधी केस त्वचेच्या आतच कापला जातो आणि बाहेर न येता आतल्या आत बाजूला शिरतो. शरीराला तो आपला वाटत नाही; काटा रुतल्यावर जे होते तेच इथे होते.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांना लाखो सेफ्टी रेझर पुरवली आणि रोजची दाढी ही सैनिकी शिस्त झाली. आफ्रिकी वंशाच्या, अतिशय कुरळ्या केसांच्या सैनिकांना ती फार जाचली. 'नीट दाढी करत नाही' म्हणून ज्यांना बोलणी खावी लागत, त्यांचा खरा दोष केसाच्या वळणात होता. अनेकांना पुढे दाढी न करण्याची वैद्यकीय सवलत घ्यावी लागली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या त्रासाशी निगडित असा एक जनुकीय बदलही सापडला. केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणात जे केराटिन असते, त्यात एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येते आणि त्रासाची शक्यता बरीच वाढते. आपल्याकडेही ज्यांचे केस राठ आणि कुरळे आहेत त्यांना, विशेषतः मानेवर, हा अनुभव येतो. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या मानेवरच्या पुळ्यांचा संबंध त्याच्या स्वच्छतेशी जोडण्याआधी हे आठवावे.

इथे जाहिरातींशी आमचे थोडे भांडण आहे. १९७१ साली दोन पात्यांचे रेझर बाजारात आले, १९९८ मध्ये तीन पात्यांचे, २००६ मध्ये पाच पात्यांचे. पहिले पाते केसाला ओढून थोडा बाहेर काढते, आणि तो मागे सरकण्याआधी पुढचे पाते त्याला आणखी खाली कापते, अशी कल्पना. गाल गुळगुळीत होतो खरा, पण केसाचे टोक त्वचेच्या पातळीखाली जाते. कुरळ्या केसांच्या माणसाला नेमके हेच नको असते. त्याने केसांच्या कलाने, म्हणजे केस ज्या दिशेने झुकले आहेत त्याच दिशेने, एकच हात फिरवावा. उलटा हात मारू नये आणि अर्धा मिलिमीटर खुंट राहिले तर राहू द्यावेत. मानेवर केसांची दिशा अनेकदा एका बाजूला खाली तर दुसऱ्या बाजूला आडवी असते. दोन दिवसांच्या खुंटांवरून बोट फिरवले की ती कळते. पुळ्या वारंवार येत असतील तर काही आठवडे दाढी वाढू देणे, हा सर्वांत स्वस्त उपाय. तेवढ्या काळात रुतलेले केस बहुधा आपोआप सुटतात. पू होत असेल, किंवा पुरळ पसरत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

पाते न वापरता केस काढणारी मलमे मिळतात, त्यांचे रसायनशास्त्र आता सहज कळेल. पाण्याला जे गंधकाचे बंध तुटत नाहीत ते थायोग्लायकोलिक आम्लाचे क्षार तोडतात, तेही खूप अल्कधर्मी माध्यमात. केस लगद्यासारखा होऊन पुसला जातो. पण त्वचेतही केराटिनच आहे! म्हणून पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा मलम एक मिनिटही जास्त ठेवू नये, आणि आधी हातावर थोडे लावून चोवीस तास वाट पाहावी.

दाढीनंतर थंड पाण्याने धुणे उत्तम. साबणाचा अंश राहू देऊ नये, कारण त्वचेचा सामू ५ च्या आसपास तर साबणाचा ९-१० असतो. मग तुरटी. पोटॅशिअम आणि ॲल्युमिनिअमचे हे दुहेरी सल्फेट प्रथिनांना गोठवते, त्यामुळे बारीक कापल्यातून येणारे रक्त थांबते आणि त्वचा आखडते. तिची शिफारस करायला आमची हरकत नाही. पण सलूनमध्ये एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरतो, ते बरे नव्हे. अल्कोहोल आणि अत्तर असलेली 'आफ्टर शेव्ह' द्रवे जी झणझणीत आग करतात, ती त्यांच्या गुणाची पावती समजली जाते. प्रत्यक्षात ती भगदाडे पडलेल्या भिंतीची आरोळी असते. आग होणाऱ्या गालाला बिनवासाचे साधे मलम अधिक मानवते.

आता तो मोठा धोका. दाढीत रक्त दिसले नाही तरी पात्यावर त्याचा अंश असू शकतो. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस संसर्गक्षम राहतो. हेपटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा संसर्गही दूषित पात्यामुळे होऊ शकतो, आणि हेपटायटिस सी वर तर लसच नाही. रेझर ही टूथब्रशसारखीच एकट्याने वापरायची वस्तू आहे, हे वसतिगृहातल्या मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. सलूनमध्ये आता पाते बदलता येणारा वस्तरा सर्रास वापरतात. अर्धे पाते समोर उघडून बसवायला सांगण्यात संकोच वाटू नये. वापरलेले पाते कचऱ्यात सुटे टाकले तर ते कचरा वेचणाऱ्याच्या हातात जाते. ते झाकणाच्या डबीत साठवावे आणि डबी भरल्यावर चिकटपट्टीने बंद करून, वर तसे लिहून द्यावी.

मुले हमखास विचारतात तो प्रश्न राहिला. एकदा पाते लावले की केस दाट आणि जाड येतात का? याच समजुतीपोटी काही मुले लवकर दाढी सुरू करतात आणि काही मुली पात्याला घाबरतात. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली चार तरुणांच्या दाढीचे केस मोजूनमापून पाहिले. दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग यांत फरक पडल्याचे दिसले नाही. १९७० साली पायांवरच्या केसांबाबतही तेच आढळले. पाते लागते ते केसाच्या मृत भागाला, वाढ होते ती त्वचेखालच्या मुळाशी. वर काय घडले ते मुळाला कळत नाही. न कापलेला केस टोकाकडे निमुळता होत जातो, कापलेला केस मध्येच तुटक, बोथट टोकाचा राहतो, म्हणून तो हाताला राठ लागतो आणि डोळ्यांना जाड दिसतो. खराट्याचे दोन-चार हीर वर्गात आणा. एका हिराचे निमुळते टोक आणि दुसऱ्याचे मधोमध कापलेले टोक विद्यार्थ्यांच्या तळहातावर, त्यांना डोळे मिटायला सांगून, आळीपाळीने टेकवा, आणि कोणता हीर जाड आहे ते विचारा.